पाला जरा कापून घेऊन आलो : कुपवाडचं प्रकरण

मराठीत: पाला जरा कापून घेऊन आलो.
उर्दूत: पाला जरा काट के ले के आया.
कानडीत: तापला जरा खोडि तगोंडि बैन.

ही तिन्ही वाक्यं एकाच गावातली. मराठी वाक्यावर बोट ठेवत खाली या. 'कापून'च्या खाली 'काट के', त्याच्या खाली 'खोडि'. 'घेऊन'च्या खाली 'ले के', त्याखाली 'तगोंडि'. धातूखाली धातू येतो, प्रत्ययाखाली प्रत्यय येतो आणि 'जरा' तर तिन्हीकडे जसाच्या तसा आहे. मराठी आणि उर्दू एका भाषाकुळातल्या, कानडी अगदी वेगळ्या, द्राविड कुळातली. तरीही वाक्यांची वीण एकच आहे.

गाव सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. भाषाविज्ञानाच्या जगात ते 'कुपवार' म्हणून प्रसिद्ध आहे. रोमन लिपीच्या वाटेने जाताना 'ड'चा 'र' झाला आणि जगभरच्या वर्गांत तो तसाच राहिला. भाषासंपर्कावरचं जवळजवळ कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं तर हे नाव सापडतं. आपल्याकडे मात्र कुपवाड म्हटलं की औद्योगिक वसाहत आठवते, फार तर महापालिकेच्या नावातला तिसरा शब्द. म्हणून हे प्रकरण मराठीत नीट मांडावंसं वाटलं. मांडताना त्यातल्या पोकळ जागाही दाखवाव्या लागतील, कारण प्रसिद्धीच्या मानाने पुरावा सगळीकडे सारखा भक्कम नाही.

गाव आणि माणसं

अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांचा. गंपर्झ मूळचे जर्मनीतले, पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात शिकवणारे. उत्तर भारतातल्या खेड्यांमध्ये त्यांनी आधी काम केलं होतं. दक्षिणेकडे आल्यावर त्यांना असं गाव हवं होतं जिथे दोन भाषाकुळं रोज एकमेकांना भेटतात. कुपवाड त्या वेळी सुमारे ३००० वस्तीचं होतं, तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या सीमेपासून साधारण सात मैलांवर.

गावात चार भाषा होत्या. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू. दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी. दोर वळणाऱ्या थोड्या घरांत तेलुगू. जमिनी प्रामुख्याने जैनांच्या आणि मुसलमानांच्या हातात. म्हणजे भाषेची वाटणी आणि जमिनीची वाटणी एकमेकींना चिकटलेली होती. कानडी आणि मराठी या मुलखात कित्येक शतकं शेजारी आहेत. उर्दूची सोबत तीन-चारशे वर्षांची. तेलुगू त्या मानाने अलीकडे आलेली.

गावातले बहुतेक पुरुष दोन किंवा अधिक भाषा सहज बोलत. इथे 'बोलत' या शब्दाचा अर्थ नेमका घ्यायला हवा. कुणी क्लास लावला नव्हता, व्याकरणाचं पुस्तक उघडलं नव्हतं. शेतावर, बाजारात, कामाच्या हजेरीला उभं राहता राहता जे तोंडात बसलं ते. भाषा शिकवणं ज्याला आपण म्हणतो ते या गावात घडतच नव्हतं, आणि भाषा शिकणं मात्र अखंड चालू होतं.

हा अभ्यास १९६८ मध्ये जमैकातल्या मोना इथल्या परिषदेत मांडला गेला आणि १९७१ मध्ये छापून आला. परिषदेचा विषय होता पिजिन आणि क्रिऑल भाषा, म्हणजे गुलामांचे मळे, बंदरं, उखडून आणलेली माणसं अशा ठिकाणी घाईगर्दीत घडलेल्या भाषा. त्यात सांगली जिल्ह्यातल्या गावाचं काय काम, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. गंपर्झ-विल्सन यांना दाखवायचं होतं ते हेच. भाषेच्या रचनेत एवढी उलथापालथ व्हायला माणसं उखडावी लागत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वेशीत राहणाऱ्या, कुणीही कुठेही न गेलेल्या माणसांतही ती होऊ शकते.

मराठीच का?

गावात भाषा चार, तर चारचौघांत बोलायचं कुठल्या भाषेत? उत्तर होतं मराठी. आता आपण मराठी वाचक पटकन म्हणू, अर्थातच, महाराष्ट्रातलं गाव आहे. पण गंपर्झ-विल्सन यांचं स्पष्टीकरण वेगळं आहे आणि मला ते या प्रकरणातलं सर्वांत धारदार निरीक्षण वाटतं. जैन जमीनदाराने मुसलमान जमीनदाराशी उर्दूत बोलावं तर तो त्याच्या घरात शिरल्यासारखं. मुसलमानाने कानडीत बोलावं तर उलट बाजूने तेच. गावात ज्यांचा वरचष्मा, त्या दोन्ही गटांच्या घरची भाषा मराठी नव्हती. म्हणून ती वापरण्यात कुणाचा मान जात नव्हता. ती तटस्थ होती.

ही तटस्थता गोड मानून घेण्यासारखी नाही. ज्यांची मराठी मायबोली होती ती गावातली सर्वांत कमी ताकदीची माणसं. त्यांची भाषा सगळ्यांची झाली, कारण तिच्या मालकीचा दावा करणारं वजनदार कुणी नव्हतं. एखादी भाषा सार्वजनिक होते म्हणजे तिच्या बोलणाऱ्यांना मान मिळतो, हे समीकरण कुपवाडला तरी लागू पडत नाही. शिवाय तालुका, जिल्हा, शाळा, कचेरी यांची भाषा मराठीच. त्यामुळे गावातल्या तटस्थतेला बाहेरून सरकारी टेकू होताच. दोन्ही कारणं एकत्र काम करत असणार. किती कशाचं, हे वेगळं काढणं अवघड आहे.

उलट घरात मात्र कडक शिस्त. उंबऱ्याच्या आत कानडी घरात कानडी, उर्दू घरात उर्दू. सोयरीक, देवधर्म, नातेवाइकांतलं बोलणं हे सगळं आपल्याच भाषेत. कामाचं जग आणि घरचं जग यांच्यात स्पष्ट रेघ. पुढचं सगळं या रेघेवर उभं आहे.

वाक्यं जवळून पाहू

पाल्याचं वाक्य सुंदर आहे, पण खरं सांगायचं तर पुरावा म्हणून कच्चं आहे. 'कापून घेऊन आलो' ही रचना, आधी एक क्रिया उरकून तिला '-ऊन' लावायचं आणि मुख्य क्रियापद शेवटी ठेवायचं, ही मराठीत, हिंदीत, कानडीत, तेलुगूत सगळीकडेच आहे. पुण्याची मराठी, लखनौची उर्दू आणि म्हैसूरची कानडी घेतली तरी हे वाक्य बरंचसं असंच एकाखाली एक बसेल. १९५६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी भारत हे एक 'भाषाक्षेत्र' आहे, म्हणजे इथल्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारामुळे एकमेकींसारख्या झाल्या आहेत, असं मांडलं, ते अशाच समान गोष्टींच्या आधारावर. कुपवाडचं कुपवाडपण पाहायचं तर दुसऱ्या वाक्यांकडे जावं लागतं.

लिंगापासून सुरुवात करू. मराठीत नदी स्त्रीलिंगी, डोंगर पुल्लिंगी, झाड नपुंसकलिंगी. का, ते विचारू नये. उर्दूतही प्रत्येक निर्जीव वस्तूला पुल्लिंग किंवा स्त्रीलिंग चिकटलेलं आहे. कानडीत हा त्रास नाही. पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, बाकी सगळं नपुंसक. अर्थ पाहा आणि लिंग ठरवा, संपला विषय. कुपवाडच्या उर्दूने हाच हिशोब उचलला. पण उर्दूत नपुंसकलिंगच नाही. मग जे बाईमाणूस नाही ते सगळं पुल्लिंगात ढकललं गेलं. नदीला पूर आला की प्रमाण उर्दूत 'नदी आई', कुपवाडात 'नदी आया'. उत्तरेकडच्या माणसाच्या कानाला हे चूक वाटेल. प्रत्यक्षात हा नियम आहे, आणि मूळ नियमापेक्षा सुटसुटीत आहे.

मग क्रियापद कुणाचं ऐकतं? मराठीत 'मी भाकरी खाल्ली' म्हणताना क्रियापद भाकरीच्या लिंगाने चालतं. 'मी आंबा खाल्ला' म्हटलं की बदलतं. प्रमाण उर्दूत 'मैंने रोटी खाई'. कानडीत क्रियापद सरळ कर्त्याच्या मागे जातं, काय खाल्लं याची त्याला फिकीर नसते. कुपवाडच्या उर्दूने इथेही कानडीची वाट धरली आणि क्रियापद कर्त्याशी जुळवलं.

पण एकटी उर्दूच वाकली असं नाही. कानडीही वाकली, आणि तिचं वाकणं मला जास्त रोचक वाटतं. प्रमाण कानडीत 'इदु निम्म मने' म्हणजे 'हे तुमचं घर'. त्यात 'आहे' नाही आणि लागतही नाही. मराठीत 'आहे' हवंच, उर्दूत 'है' हवंच. कुपवाडच्या कानडीत 'इद निम्द मनी ऐती'. 'ऐती' म्हणजे 'आहे'. वाक्याला शेपटी फुटली.

त्याच वाक्यात आणखी एक गोष्ट लपली आहे. प्रमाण कानडीत 'तुमचं' याला दोन रूपं आहेत. नामाच्या आधी आलं तर 'निम्म', एकटं विधेय म्हणून आलं तर 'निम्मदु'. मराठीत हा भेद नाही. 'हे तुमचं घर आहे' आणि 'हे घर तुमचं आहे', दोन्हीकडे 'तुमचं'च. कुपवाडच्या कानडीने भेद मोडून टाकला आणि दोन्ही ठिकाणी 'निम्द' ठेवलं. कुणी असं करा म्हणून सांगितलं नाही. ज्याच्या तोंडात दिवसभर 'तुमचं' आणि 'तुम्हारा' फिरतं, त्याला घरी आल्यावर दोन रूपं सांभाळण्याचं कारण उरत नाही.

प्रश्नाचंही असंच. घोडा विकलास का, हे कुपवाडच्या मराठीत 'घोडा दिलास का', उर्दूत 'घोडा दिया क्या', कानडीत 'कुदरी क्वट्टी यान'. पुस्तकी उर्दूत 'क्या' वाक्याच्या सुरुवातीला बसतो, इथे तो मराठी 'का'सारखा शेवटी येऊन बसला. पुस्तकी कानडीत असा प्रश्न क्रियापदाला 'आ' जोडून विचारतात. इथे 'काय' या अर्थाचा 'यान' शेवटी आला.

अशा डझनभराहून अधिक रचना त्यांनी पडताळल्या. सर्वांत जास्त बदलली उर्दू. कानडीनेही बऱ्याच जागा सोडल्या. मराठीही जागची हलली, पण उर्दूइतकी नाही. सगळे बदल एकाच दिशेने झाले नाहीत हे महत्त्वाचं. लिंगाच्या बाबतीत कानडी जिंकली, 'आहे'च्या बाबतीत कानडी हरली. म्हणजे हा ताकदवान भाषेने दुबळीला गिळण्याचा सरळ मामला नव्हता. त्यांचा निष्कर्ष असा होता: गावात भाषा बदलत बदलत बोलताना माणूस व्याकरण बदलतच नाही. व्याकरण एकच असतं, तो फक्त शब्द आणि प्रत्यय बदलतो.

हे घडतं कसं

शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दोन वाटा दिसतात. एक, मोठेपणी शेजाऱ्याची भाषा शिकणारा माणूस आपल्या भाषेच्या सवयी तिच्यात घेऊन जातो. त्याची 'चूक' कुणी सुधारली नाही, आणि असे बोलणारे पुष्कळ झाले, तर ती त्या भाषेची रीत होऊन बसते. दुसरी वाट उलटी. माणूस शेजाऱ्याची भाषा उत्तम बोलतो, इतकी रोज बोलतो की तिची वळणं त्याच्या स्वतःच्या भाषेत परत येतात. कुपवाडची उर्दू दुसऱ्या वाटेची वाटते. उर्दू ही गावात इतर कुणी फारशी शिकावी अशी भाषा नव्हती. ती मुसलमान घरांची होती. तिला बदललं ते तिच्याच बोलणाऱ्यांनी, बाहेर मराठी-कानडी बोलून घरी परतल्यावर.

परकी भाषा शिकताना आपल्याला सर्वांत जड काय जातं? शब्द पाठ करता येतात. जड जाते ती मांडणी: क्रियापद कुठे ठेवायचं, कशाशी जुळवायचं, काय गाळायचं. कुपवाडच्या माणसांनी हा जड भाग समाईक खात्यात टाकला. मग कानडी घरातल्या पोराला मराठी शिकायची म्हणजे मुख्यतः शब्द आणि प्रत्यय शिकायचे, चालतं कसं ते आधीच माहीत.

मग एक प्रश्न उरतो, आणि इथे मला लेखकद्वयापेक्षा जास्त वेळ थांबावंसं वाटतं. व्याकरण एवढं मिसळलं तर शब्द का नाही मिसळले? सोयीचाच हिशोब असेल तर चार शब्दसंग्रह कशाला बाळगायचे? 'जरा'सारखे काही शब्द समाईक झालेच. पण 'काप', 'काट' आणि 'खोड' वेगळेच राहिले. उत्तर त्या उंबऱ्यावरच्या रेघेत आहे. माणूस कुठल्या घरचा हे गावाला शब्दावरून कळतं, वाक्याच्या वळणावरून नाही. 'घोडा' म्हणालात की 'कुदरी' म्हणालात हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. 'क्या' आधी आला की शेवटी, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. जे कुणाच्या लक्षात येत नाही ते वाटून घ्यायला हरकत नसते. ओळख जिथे दिसते ती जागा माणसं सोडत नाहीत.

याला समांतर एक जुनं चित्र आठवतं. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचामुंडराजें करवियलें' असा मराठी लेख कोरलेला आहे. त्याच मजकुराचे कानडी आणि तमिळ लेखही तिथेच आहेत. कानडीत 'माडिसिदं', म्हणजे 'करविलं'. करणं, त्याला करवून घेण्याचा प्रत्यय, त्याला भूतकाळ: घटक तेच, ओळीने. कुणी करवलं हे प्रत्येकाला त्याच्या भाषेत वाचता यावं म्हणून शब्द वेगळे. कुपवाडचं प्रकरण यातून सिद्ध होत नाही, पण कानडी-मराठी शेजार किती मुरलेला आहे त्याची कल्पना येते.

गंपर्झ-विल्सन यांचा लेख ज्या ग्रंथात छापला गेला त्यातच भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांचाही एक लेख आहे. त्यांचा प्रश्न होता: मराठी स्वतःच कधीकाळी अशा द्राविड संपर्कातून, क्रिऑलसारख्या प्रक्रियेतून, घडली असेल का? वाद मिटलेला नाही. पण 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद, ऐकणाऱ्याला वगळून की धरून, हा मराठीत आहे, तेलुगू-तमिळसारख्या द्राविड भाषांत आहे आणि प्रमाण हिंदीत नाही. दुसऱ्याने बोललेलं '... म्हणून' असं शेवटी बांधायची पद्धत मराठीत आहे, कानडीत 'अंत' आहे, तेलुगूत 'अनि' आहे. शुद्ध मराठीचा आग्रह धरताना आपण कुठल्या शतकातली मराठी शुद्ध मानतो, एवढं तरी ठरवायला हवं.

पोकळ जागा

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठा: तुलना कशाशी केली?

कुपवाडच्या उर्दूत 'मैंने'तला 'ने' गळला, क्रियापद कर्त्याशी जुळलं, 'क्या' शेवटी गेला. हे बदल कुपवाडात झाले हे कशावरून? दख्खनी उर्दूत यातलं बरंच काही सर्वत्र आहे. हैदराबादेत, विजापुरात, औरंगाबादेत 'मैं बोला' म्हणतात. दख्खनीने मराठीतून 'नक्को' घेतला, जोर देण्यासाठीचा 'च' घेतला. कानडी-तेलुगूसारखं '... बोलके' वाक्य बांधायला घेतलं. सांगली-मिरजेचा मुलूख आदिलशाहीतला. इथे येणाऱ्या माणसांच्या तोंडात लखनौची उर्दू नव्हती, दख्खनी होती. मग कुपवाडची उर्दू प्रमाण हिंदी-उर्दूशेजारी ठेवून 'एवढी बदलली' म्हणणं म्हणजे कोल्हापूरची मराठी पुण्याच्या पुस्तकाशेजारी ठेवून कोल्हापुरात काय घडलं ते ठरवण्यासारखं आहे. बदल खरा आहे, संपर्कातूनच झालेला आहे. पण तो एका गावाच्या वेशीत घडला की संपूर्ण दख्खनभर चारशे वर्षांत, हा प्रश्न उरतोच.

कानडीचंही तेच. 'ऐती' धारवाड-बेळगावकडे घरोघरी ऐकू येतो. तुलना म्हैसूरकडच्या प्रमाण कानडीशी न करता सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीच्या बोलीशी केली असती तर यादीतले किती बदल खास कुपवाडचे उरले असते?

दुसरा आक्षेप माणसांबद्दल. अभ्यासाचा रोख मुख्यतः पुरुषांच्या, कामाच्या जागी होणाऱ्या बहुभाषिकतेवर आहे. घरची भाषा घरात टिकवली म्हणायचं तर ती टिकवणाऱ्या बायका या चित्राच्या मध्यभागी हव्यात. शेतमजुरीला जाणारी बाई आणि जमीनदाराच्या घरात राहणारी बाई यांचं भाषेचं जग सारखं असणार नाही.

तिसरा, एकसारखेपणाबद्दल. तक्त्यात प्रत्येक भाषेला एक रूप दिलं की वाचणाऱ्याला वाटतं सगळे नेहमी असंच बोलतात. प्रत्यक्षात तोच माणूस एकदा 'नदी आया' म्हणेल आणि मौलवींसमोर 'नदी आई' म्हणेल. कोण, किती वेळा, कुणासमोर, हे मोजल्याशिवाय 'एकच व्याकरण' हे विधान फार ठाम होतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतर कुपवाडचा पुन्हा अभ्यास करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. वाक्याचं वाक्यात जसंच्या तसं रूपांतर होतं, या प्रारूपाचीच त्यांनी चिकित्सा केली. एखाद्या नावाजलेल्या अभ्यासाकडे इतक्या वर्षांनी परत जाणं आपल्याकडे क्वचित घडतं, त्यामुळे त्याचं मोल वेगळं आहे. मधल्या काळात तो लेख असंख्य वेळा उद्धृत झाला होता, आणि प्रत्येक वेळी पाल्याचं तेच वाक्य.

आजचं कुपवाड

पण परत जायचं ते कुठल्या गावात? १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. कारखाने आले, बाहेरगावची माणसं आली. जमीन हाच ताकदीचा मापदंड राहिला नाही. १९७१च्या लेखातली मराठी तटस्थ होती, कारण गावातल्या बलवानांपैकी कुणाचीच ती नव्हती. आजची मराठी ही शाळेची, नोकरीची, पोलीस चौकीची, मालिकांची भाषा आहे. कुणाची नाही म्हणून चालणारी भाषा आणि सगळीकडे लागते म्हणून चालणारी भाषा, या दोहोंचा घरावर होणारा परिणाम सारखा नसतो. पहिली उंबऱ्याबाहेर थांबते. दुसरी मुलांच्या दप्तरातून आत येते.

शाळेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण भाषाशिक्षकांना या प्रकरणातून सर्वांत थेट काही मिळत असेल तर ते इथे. बालभारती मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी अशा आठ भाषांत पुस्तकं काढते. कुपवाडच्या चारही भाषा त्यात आहेत. पण पुस्तकातली उर्दू 'नदी आई' म्हणते. उर्दू शाळेतल्या मुलाने वहीत 'नदी आया' लिहिलं की लाल गोल पडतो. मुलाला लिंग येत नाही, असा शेरा. मुलाला लिंग पक्कं येतं. त्याच्या घरी लिंग अर्थावरून ठरतं, पुस्तकात ते शब्दागणिक पाठ करावं लागतं. शिक्षकाला हे माहीत असेल तर तो 'चूक' न म्हणता 'पुस्तकात इथे वेगळा नियम आहे' म्हणेल आणि नेमका तेवढाच भाग शिकवेल. माहीत नसेल तर वर्षभर सगळंच शिकवत राहील. लाल गोल दोन्ही वेळेला पडू द्या, पण दुसऱ्या बाबतीत मूल आपल्या आईच्या बोलण्याला अडाणी समजायला शिकतं.

जनगणनेची मांडणीही अशा गावाला अपुरी पडते. तिथे एक मातृभाषा विचारतात आणि जोडीला येणाऱ्या आणखी दोन भाषा. १९६१च्या जनगणनेत देशभरातून १६५२ मातृभाषा नोंदल्या गेल्या. कुपवाडचा जैन शेतकरी 'कन्नड' सांगेल आणि ते खरंच आहे. त्याच्या कानडीत 'ऐती' कुठून आला आणि त्याच्या शेजाऱ्याच्या उर्दूत नदी पुल्लिंगी कशी झाली, हे कुठल्याच रकान्यात मावत नाही.

कुणाला हे प्रकरण पुढे न्यायचं असेल तर काम कसं करावं, याची माझी कल्पना अशी. कुपवाडच्या आधी मिरजेतली आणि विजापुरातली दख्खनी ध्वनिमुद्रित करावी, अथणी आणि कागवाडकडची कानडीही. मूळ यादीतल्या रचना त्यांत तपासाव्यात आणि जे सगळीकडे सापडेल ते बाजूला ठेवावं. जे उरेल ते कुपवाडचं. मग गावात तीन पिढ्यांची घरं निवडावीत आणि आजी, सून, नात यांचं आपापसातलं बोलणं ऐकावं, प्रश्न विचारून नव्हे, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून. भाषांतर करायला सांगू नये. 'हे कानडीत कसं म्हणाल' असं विचारलं की माणूस समोरच्या वाक्याच्या साच्यातच उत्तर देतो, आणि मग सगळी वाक्यं एकाखाली एक बसतातच. मूळ अभ्यासातला जुळेपणा किती गावाचा आणि किती प्रश्नाचा, हे त्यातून कळू शकेल.

आणि सुरुवातीला दिलेल्या तीन ओळींखाली चौथी ओळ लिहावी. दोर वळणाऱ्यांची घरं गावात होती, पण व्याकरणाची तुलना मराठी, उर्दू आणि कानडी एवढ्यापुरतीच झाली. पाला कापून आणल्याचं तेलुगू वाक्य त्या तक्त्यात नाही.